जीव एकच, भरपाई वेगवेगळी

रस्त्यावरील खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे कुणाचा मृत्यू झाल्यास वारसांना सहा लाख रुपये आणि जखमींना पन्नास हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने १३ ऑक्टोबर २०२५ रोजी दिला. खड्ड्यांमुळे सतत चर्चेत राहणाऱ्या भिवंडीत या आदेशाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. याच शहरात २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे पटेल कंपाऊंडमधील जिलानी इमारत कोसळून किमान ३८ जणांचा बळी गेला. त्या दुर्घटनेवरील निकालात उच्च न्यायालयाने २६ फेब्रुवारी २०२२ रोजी सुरक्षित इमारतीचा संबंध थेट जगण्याच्या हक्काशी जोडला आणि पालिका यंत्रणेला तिच्या उत्तरदायित्वाची जाणीव करून दिली. या दोन्ही प्रकरणांत एक साम्य आहे. दोन्हींची दखल न्यायालयाने स्वतःहून घेतली होती. पीडितांच्या वतीने भरपाईचे दावे लढविणाऱ्या वकीलवर्गाच्या रेट्यातून ती उभी राहिली नव्हती. अपघात ज्या शहराच्या पाचवीला पुजले आहेत, तिथे असा वर्ग का घडला नाही, हा खरा प्रश्न आहे.

अमेरिकेत वैद्यकीय हलगर्जी आणि शारीरिक इजा यांचे दावे ही वकिलीची स्वतंत्र आणि मातब्बर शाखा आहे. तिथे वकील अशिलाकडून आगाऊ शुल्क घेत नाही. दावा जिंकल्यास भरपाईतील ठरावीक वाटा घेतो आणि हरल्यास खर्च स्वतः सोसतो. भारतात बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेले शुल्क ठरविण्यास आणि व्यवसायाची जाहिरात करण्यास मनाई आहे. मोटार अपघाताच्या भरपाईतून टक्केवारी मागणे सार्वजनिक धोरणाच्या विरुद्ध असल्याचे सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये स्पष्ट केले. पीडिताच्या असहायतेचा बाजार होऊ नये, हा या बंदीमागील हेतू रास्त आहे. परंतु तिचा दुसरा परिणामही तितकाच खरा आहे. हात गमावलेल्या मजुराकडे शुल्क भरायला पैसे नसतात आणि वकिलाला जोखीम उचलण्याचा कायदेशीर मार्ग नसतो. त्यामुळे वकिली तिकडेच वळते, जिथे पैसे मिळण्याची खात्री असते.

ही खात्री कुठे आहे, हे एका हिशेबावरून कळेल. महिना पंधरा हजार रुपये कमावणारा, विवाहित, तीस वर्षांचा यंत्रमाग कामगार मुंबई-नाशिक महामार्गावर ट्रकखाली सापडून दगावला, असे समजू. घरी अवलंबून असलेली चार माणसे आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ आणि २०१७ च्या निकालांनी घालून दिलेल्या सूत्रानुसार उत्पन्नात भविष्यातील वाढीपोटी ४० टक्के मिळविले जातात, स्वतःच्या खर्चापोटी एक चतुर्थांश वजा होतात आणि वार्षिक रकमेला १७ ने गुणले जाते. ही रक्कम ३२ लाख १३ हजार रुपये होते. तोच कामगार कारखान्यात यंत्राच्या पट्ट्यात सापडून गेला तर? कर्मचारी भरपाई कायद्याच्या सूत्रानुसार निम्मे वेतन गुणिले वयानुसारचा २०७.९८ हा गुणक, म्हणजे १५ लाख ५९ हजार ८५० रुपये. माणूस तोच, पगार तोच, कुटुंबही तेच. रस्त्यावरच्या दाव्यात चालकाची चूक सिद्ध करावी लागते आणि कारखान्यात तशी गरज नसते, हा फरक मान्य केला तरी रक्कम अर्ध्याहून खाली येते.

तीही हाती पडणे दुरापास्त असते. मोटारीला त्रयस्थ व्यक्तीसाठीचा विमा सक्तीचा आहे. पोलिसांचा गुन्हा आणि घटनास्थळाचा पंचनामा हे पुरावे आयते मिळतात, आणि पैसे देणारी विमा कंपनी समोर उभी असते. म्हणूनच मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांभोवती वकिलांची एक पक्की फळी तयार झाली. यंत्रमागाच्या बाबतीत यातले काहीच नाही. मीटरवर मजुरी, नेमणूकपत्राचा अभाव, मालक आणि कामगार यांच्यामध्ये उभा मुकादम, आणि भिशीत जेवून कारखान्याच्या आसऱ्याने राहणारा परप्रांतीय कामगार हे इथले वास्तव आहे. दहापेक्षा कमी माणसे दाखविली की राज्य विमा योजनेच्या सक्तीतूनही सुटका होते. अशा वेळी पहिली लढाई भरपाईच्या रकमेची नसतेच. मृत माणूस आपल्याकडे कामाला होता, हेच मालकाला मान्य करायला लावावे लागते. १९२३ च्या कायद्याची जागा २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. सूत्र मात्र तेच राहिले. नेमणूकपत्राची सक्ती नव्या संहितांत आहे. ती भिवंडीच्या गल्ल्यांत उतरली, तरच काही बदल संभवतो.

वैद्यकीय हलगर्जीच्या दाव्यांची वाट याहूनही बिकट आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली. तथापि, जिथे सर्वांनाच विनामूल्य उपचार मिळतात, ती रुग्णालये तिने वगळली. महाराष्ट्र सरकारच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार निःशुल्क आहेत. भिवंडीतील इंदिरा गांधी स्मृती उपजिल्हा रुग्णालय हे त्यांपैकीच एक. निःशुल्क उपचार हा गरिबांसाठी मोठाच दिलासा आहे. पण उपचारात चूक झाली, तर खासगी दवाखान्यात पैसे मोजणाऱ्याला ग्राहक आयोगाचे दार खुले असते आणि सरकारी रुग्णालयातील रुग्णाला दिवाणी न्यायालयाची पायरी चढावी लागते. त्या पायरीचा अनुभव महाराष्ट्राला आहे. औरंगाबादच्या सरकारी रुग्णालयात १९६३ मध्ये शस्त्रक्रियेनंतर एका महिलेच्या पोटात कापड राहिले आणि ती दगावली. खोडवा खटला म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या प्रकरणात ३६ हजार रुपयांची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा बहाल केली, ती १९९६ मध्ये.

यशस्वी दाव्यांकडे पाहिले की आणखी एक गोष्ट ध्यानात येते. १९५३ मध्ये पुण्यात दगावलेल्या तरुणाच्या वडिलांनी, त्र्यंबक गोडबोले यांनी, लढलेल्या खटल्याचा निकाल १९६८ मध्ये लागला आणि तीन हजार रुपयांची भरपाई कायम झाली. हे वडील स्वतः डॉक्टर होते. कोलकात्यातील उपचारांत पत्नी गमावल्यावर २०१३ मध्ये सुमारे सहा कोटी रुपयांची भरपाई मिळविणारे कुणाल साहा हेही डॉक्टरच. प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचे मत अनिवार्य नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये सांगितले असले, तरी केसपेपर वाचून चूक नेमकी कुठे झाली हे दाखविणारा कुणी तरी लागतोच. सामान्य रुग्णाला तो मिळत नाही. वकिलालाही तो शोधायला वेळ आणि पैसा लागतो.

मग उपाय कोणता? टक्केवारीची मुभा दिली तर दलालांचे फावेल, ही भीती अनाठायी नाही. मात्र एक दार आधीच उघडे आहे. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ च्या कलम १२ नुसार औद्योगिक कामगार, स्त्रिया, बालके आणि अपंग यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. भिवंडीच्या यंत्रमागावरील कामगार आणि त्याची विधवा दोघेही त्यात बसतात. जिल्हा प्राधिकरणाने भरपाईच्या दाव्यांसाठी प्रशिक्षित वकिलांची स्वतंत्र यादी केली, केसपेपर तपासणाऱ्या डॉक्टरांचे मानधन आपल्याकडून दिले आणि भिवंडीतच नियमित बैठक घेतली, तर या शाखेचा पाया सरकारी खर्चाने घालता येईल. खड्ड्यांच्या भरपाईसाठी नेमावयाच्या समितीत पालिका आयुक्तांसोबत प्राधिकरणाच्या सचिवांना स्थान देऊन उच्च न्यायालयाने दिशा दाखविलीच आहे. न्यायालयाने दर वेळी स्वतःहून धावून यावे, ही अपेक्षा व्यवस्थेची कमतरता उघड करणारी आहे. भरपाई हा हक्क असेल, तर तो मागणारा माणूस नेमण्याची जबाबदारीही व्यवस्थेने स्वीकारली पाहिजे.