आरंभ सूक्ष्मदर्शकापासून व्हावा

महाराष्ट्र शासनाने २०२५ मध्ये ‘महाॲग्री-एआय’ धोरणास मंजुरी दिली. कृत्रिम बुद्धिमत्ता वापरावी की नाही, हा वाद त्यामुळे मागे पडला; कोणते काम आधी हाती घ्यावे, हा प्रश्न संशोधन संस्था व विस्तार यंत्रणेपुढे उरला आहे. प्रस्तावांच्या यादीत शेतकऱ्यांना उत्तरे देणारा चॅटबॉट सहज वर जातो. तो उद्घाटनासही सोयीचा असतो.

म्हैसूरमध्ये या प्रश्नाचे वेगळे उत्तर सुचते. केंद्रीय रेशीम मंडळाची संशोधन व प्रशिक्षण संस्था येथे आहे आणि मराठवाड्यातील रेशीम उत्पादकांनाही हा परिसर परका नाही. म्हैसूर-बंगळूर मार्गावरील रामनगरच्या बाजारात त्यांचे कोष विक्रीस येत आले आहेत. रेशीम कीटकाच्या रोगांत पेब्रीन सर्वाधिक धास्तीचा. त्याचे बीजाणू मादी पतंगाकडून थेट अंड्यांत उतरतात. म्हणूनच लुई पाश्चर यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिलेली मातृपतंग तपासणी आजही टळलेली नाही : अंडी घातल्यानंतर मादी खलात कुटायची, द्रावणाचा थेंब काचपट्टीवर घ्यायचा आणि सुमारे ६०० पट विवर्धनाखाली चकाकणारे लंबगोल बीजाणू शोधायचे. अंडीपुंज निर्मिती केंद्रात हंगामात हे काम तासन् तास चालते. डोळे थकतात, सायंकाळच्या काचपट्टीच्या वाट्याला सकाळचे लक्ष येत नाही.

पहिला प्रकल्प याच कामाचा असावा. काचपट्ट्या एरवीही तयार होतात, जाणकार परीक्षक शेजारीच असतो आणि यंत्राचा निर्णय तत्क्षणी पडताळता येतो. चॅटबॉटने उझी माशीवर चुकीचा उपाय सांगितला, तर ती चूक कळवायला बहुधा कोणी परत येत नाही.

मात्र अचूकतेची एकच टक्केवारी पाहून यंत्र स्वीकारणे धोक्याचे. निरोगी पतंग रोगट ठरला, तर काही अंडीपुंज नाहक नष्ट होतात. रोगट पतंग निरोगी ठरला, तर चॉकी केंद्रातून रोग अनेक संगोपनगृहांत पोहोचतो. हे दोन दोष समान मानणारी टक्केवारी शेतकऱ्याच्या उपयोगाची नाही. यंत्राने संशयित ठरवलेली प्रत्येक काचपट्टी परीक्षकाने पाहावी. निर्दोष ठरवलेल्यांतील काहीही रोज पुन्हा तपासाव्यात. पहिले दोन-तीन हंगाम अंडीपुंज वितरणाचा निर्णय जुन्याच पद्धतीने व्हावा.

संगोपनगृहात पेब्रीन आढळल्यास विस्तार कर्मचाऱ्याने अंडीपुंजांचा लॉट क्रमांक निर्मिती केंद्रास कळवावा. त्या नोंदीवाचून यंत्राच्या नजरेतून निसटलेला पतंग कधीच उघड होणार नाही.