दार चुकले, माणूस गेला

अमेरिकेच्या न्यू मेक्सिको राज्यातल्या फार्मिंग्टन शहरात ५ एप्रिल २०२३ रोजी रात्री उशिरा कौटुंबिक भांडणाची तक्रार आली. पोलिसांना जायचे होते ५३०८ क्रमांकाच्या घरी. ते जाऊन उभे राहिले रस्त्यापलीकडच्या ५३०५ च्या दारात. आपण भलत्याच घरी आलो की काय, ही शंका त्यांनी तिथे उभ्या उभ्या बोलूनही दाखवली होती. ती त्यांच्याच अंगावरच्या कॅमेऱ्यांत नोंदली गेली आहे. तेवढ्यात दार उघडले. आत ५२ वर्षांचा घरमालक, हातात पिस्तूल. पोलिसांनी लगेच गोळ्या झाडल्या आणि तो दारातच कोसळला. आवाज ऐकून खाली आलेल्या पत्नीने बाहेरच्या अंधारात गोळ्या झाडल्या. समोर पोलीसच आहेत, हे तिला नंतर कळले.

यात त्या गृहस्थाचे चुकले काय? घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल बाळगण्याचा हक्क अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केला आहे. घर हा माणसाचा किल्ला, हे तत्त्व तर १६०४ च्या एका इंग्रजी निकालापासून चालत आले आहे. त्याच निकालाने राजाच्या अधिकाऱ्यालाही बजावले होते की, दार फोडण्याआधी आपण कोण आणि कशासाठी आलो ते सांग. म्हणजे बंदूक ठेवायची परवानगी आहे, घर राखायचीही आहे. फक्त अपरात्री दार वाजल्यावर ती बंदूक हातात दिसली, की जीव जाऊ शकतो. हा हक्क म्हणायचा की सापळा?

२०२५ मध्ये संघीय न्यायाधीशांनी फार्मिंग्टनच्या पोलिसांना नुकसानभरपाईच्या दाव्यापासून संरक्षण दिले. अशा प्रकरणांत तिथली काही न्यायालये विचारत ते एवढेच, की गोळी झाडली त्या क्षणी अधिकाऱ्याला भीती वाटणे रास्त होते का? समोर पिस्तूल असेल तर भीती वाटणारच. पण ते पिस्तूल समोर आले कशामुळे? घराचा क्रमांक न पाहता दार ठोठावले म्हणून. हिशेबाची पहिली ओळच खोडून टाकली, तर बेरीज पोलिसांच्याच बाजूची येणार. मे २०२५ मध्ये ‘बार्न्स विरुद्ध फेलिक्स’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सांगितले की केवळ शेवटचे काही क्षण पाहून भागणार नाही, आधी घडलेलेही पाहावे लागेल. मात्र पोलिसांनी धोका स्वतःच ओढवून घेतला असेल तर काय, हा खरा प्रश्न न्यायालयाने तेव्हा बाजूला ठेवला. अडचणीचे प्रश्न पुढच्या तारखेवर ढकलण्याची कला काही आपल्याच न्यायालयांची मक्तेदारी नाही.

टेक्सासमधल्या फोर्ट वर्थची गोष्ट याहून जिव्हारी लागते. ऑक्टोबर २०१९ मधल्या त्या रात्री २८ वर्षांची तरुणी आठ वर्षांच्या भाच्याबरोबर व्हिडिओ गेम खेळत जागी होती. घराचे दार उघडे दिसले म्हणून शेजाऱ्याने काळजीपोटी पोलिसांना फोन केला. आलेल्या पोलिसांनी आपण पोलीस आहोत हे सांगितलेच नाही. ते परसात शिरले आणि त्यातल्या एकाने खिडकीतून गोळी झाडली. मुलीमागोमाग महिन्याभरात वडील गेले, जानेवारीत आई गेली. आपण फोन केला नसता तर ती आज असती, ही खंत त्या शेजाऱ्याने जाहीरपणे बोलून दाखवली. आपल्या मावशीला गोळी लागताना पाहिलेल्या त्या मुलाला २०२२ मध्ये, अकराव्या वर्षी, साक्षीदार म्हणून न्यायालयात उभे राहावे लागले. पोलिसाला सदोष मनुष्यवधासाठी जवळपास १२ वर्षांची शिक्षा झाली. असे प्रकरण शिक्षेपर्यंत पोहोचणे हाच तिथे अपवाद.

नुकसानभरपाई मिळते तीही सहसा नगराच्या तिजोरीतून, म्हणजे ज्यांची दारे उद्या चुकून वाजू शकतात त्यांच्याच करातून. न्यू मेक्सिकोने २०२१ मध्ये कायदा करून राज्याच्या न्यायालयांत दाव्यांपासूनचे हे पोलिसी संरक्षण मोडीत काढले, हे चांगलेच झाले. पण तिथेही दावा लागतो तो संस्थेवर, अधिकाऱ्यावर नव्हे. तेव्हा पत्ता पडताळल्याशिवाय दाराला हात लावायचा नाही, दार वाजवल्यावर आतल्या माणसाला उजेडात आपला गणवेश दिसेल असे उभे राहायचे, आणि हे टाळून कोणाचा जीव गेला तर त्या निष्काळजीपणाचाच खटला चालवायचा, एवढे तरी प्रत्येक राज्याने कायद्यात लिहावे. घराचा क्रमांक वाचायला काही शौर्य लागत नाही.