माध्यम मराठी, पण धडा कुणाचा?

सीमाभाग म्हटले की गोमंतकीय वाचकाला बेळगाव, खानापूर किंवा कारवार आठवते. बीदर आणि कलबुर्गी या जिल्ह्यांतील मराठी मुलूख वृत्तपत्रांत क्वचितच डोकावतो. औराद, भालकी, बसवकल्याण, आळंद या तालुक्यांतील अनेक गावांत घरची बोली मराठी, बाजाराची कन्नड व दखनी आणि कचेरीची निखळ कन्नड आहे. या मुलांच्या शिक्षणाची चर्चा होते ती मराठी शाळा किती उरल्या, एवढ्यापुरतीच. त्या शाळांत शिकवले काय जाते, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

या भागाला भाषेची सक्ती नवी नाही. निजामी राजवटीत कारभार उर्दूत चाले, आणि १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यमही उर्दूच होते. गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय त्याआधीच, १९०७ साली उभे राहिले होते. लोकांनी वर्गणी काढून चालवलेल्या अशा शाळांतून तेव्हा भाषेबरोबर स्वाभिमानही शिकवला जाई. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत बीदर जिल्ह्याचे तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. औराद, भालकी म्हैसूर राज्यात राहिले. सोयरीक दोन्हीकडे होती, ती आजही आहे.

त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने ३५०-अ हे कलम आले. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्याने करावी, असे ते सांगते. कर्नाटकाने ती सोय केली, हे मान्य केले पाहिजे. राज्याची पाठ्यपुस्तके मराठीतही छापली जातात. पण भाषाविषय वगळता ती राज्यभरासाठी एकदा लिहून झालेल्या पुस्तकांचे भाषांतर असते. घटनेने माध्यमाची हमी दिली, आशयाची नाही. आणि सीमाचळवळीनेही मागणी केली ती माध्यमाची आणि भूभागाचीच.

येथे अमेरिकेतील एक उदाहरण उपयोगी पडते. नोव्हेंबर १९६८ मध्ये सॅन फ्रान्सिस्को स्टेट महाविद्यालयात कृष्णवर्णीय, आशियाई, मेक्सिकन व मूलनिवासी विद्यार्थ्यांनी संप पुकारला. आमच्या समाजांचा इतिहास अभ्यासक्रमात कुठे आहे, असा त्यांचा सवाल होता. संप मार्च १९६९ पर्यंत चालला आणि त्यातून वांशिक समाजांच्या अभ्यासाचे स्वतंत्र महाविद्यालय उभे राहिले. पुढे १९९५ मध्ये ग्लोरिया लॅडसन-बिलिंग्ज यांनी मुलाच्या संस्कृतीलाच अध्यापनाचे साधन मानणारी मांडणी केली. सरकारी संशय मात्र सुटला नाही. असे वर्ग दुसऱ्या समाजाविषयी रोष पेरतात, असे म्हणत ॲरिझोनाने २०१० साली केलेल्या कायद्याच्या आधारे टुसानमधील मेक्सिकन-अमेरिकन अभ्यास बंद पाडला. २०१७ मध्ये न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली.

बीदरमध्ये असा संशय घेण्यास जागाच नाही, कारण तेथील वारसा कुणा एका भाषेचा नाही. ‘गुरुचरित्र’ मराठीत आहे, पण त्यातील गाणगापूर कलबुर्गी जिल्ह्यात आहे आणि ग्रंथकर्ते सरस्वती गंगाधर यांची मातृभाषा कन्नड होती, असे मानले जाते. हुमनाबादजवळ माणिकनगर वसवणाऱ्या माणिकप्रभूंनी एकाहून अधिक भाषांत पदे रचली. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा तर बीदरच्या बादशहावाचून पुरी होत नाही. सणांचेही तसेच. मार्गशीर्षातल्या अमावास्येला लातूरकडची माणसे भज्जी आणि आंबील घेऊन शेतात जातात, तिला येळवस म्हणतात. सीमेपलीकडे तीच एळ्ळ अमावास्या. मराठी मुलाला कन्नड शेजाऱ्याशी जोडणारा याहून सोपा धडा कुठला? मराठी भाषाविषयाचे पुस्तक भाषांतरित नसते. निदान तेथे तरी अशा धड्यांना जागा करता येईल.

राजकारणाला मात्र दुसरीच गणिते दिसतात. बसवकल्याणच्या पोटनिवडणुकीचे वेध लागलेले असताना, नोव्हेंबर २०२० मध्ये, कर्नाटक सरकारने मराठा समाजासाठी विकास मंडळ आणि ५० कोटी रुपये जाहीर केले. त्याविरोधात कन्नड संघटनांनी ५ डिसेंबरला बंद पुकारला. मराठा ही जात आणि मराठी ही भाषा यांतला फरक दोन्ही बाजूंना सोयीने विसरता आला, आणि मराठी शाळेतला वर्ग होता तसाच राहिला.

पालकांचा हिशेब वेगळा आहे आणि तो चुकीचा म्हणवत नाही. कर्नाटकात २०१५ च्या कायद्याने पहिलीपासून कन्नड सक्तीची झाली. कलम ३७१-जे खालील नोकऱ्यांतील स्थानिक राखीव जागांवर येथल्या मराठी तरुणाचाही हक्क आहे, पण त्या नोकरीची भाषा कन्नड. उच्च शिक्षण इंग्रजीत. शिक्षणाचे माध्यम सरकार लादू शकत नाही, ही निवड पालकांची आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले. आपल्याकडे १९९० च्या अनुदान धोरणापासून २०११ पर्यंतचा माध्यमवाद ज्यांनी पाहिला, त्यांना ही निवड कोणत्या दिशेने कलते हे सांगायला नको. मराठी शाळेतही भाषांतरच वाचायचे, तर मूळ इंग्रजीच का नको, या प्रश्नाला तेथील शिक्षकाकडे आज उत्तर नाही.

आठशेहून अधिक गावांसाठी महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला तो २००४ मध्ये. त्या वर्षी भालकी-औरादच्या मराठी शाळांत पहिलीत बसलेली मुले आता आपल्या मुलांसाठी शाळा शोधू लागली आहेत.