रोग्याची भाषा

वैद्यकीय विद्यार्थ्याने शिकावे ते केवळ ग्रंथातून? १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी स्थापिलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते; विद्यार्थी तेथे राहून घरोघर जातात. २०१९ च्या नव्या अभ्यासक्रमाने रोग्याशी संवाद हा देशभर शिक्षणाचा विषय केला, प्रारंभीच स्थानिक भाषेचे पाठही घातले. याचे आम्ही स्वागतच करतो. परंतु ‘स्थानिक’ भाषा कोणती? राज्यकारभाराची, की खाटेवरील रोग्याची? सीमाभागातील म्हातारी ‘छातीत उसण भरली’ म्हणते की ‘कळ आली’, यावर पुढील तपासणी अवलंबून असते. तो भेद ज्यास उमगत नाही, त्याच्या हाती यंत्रे असून काय उपयोग? रोग्याचे बोल ही निदानाची पहिली पायरी होय. सीमाभागातील महाविद्यालयांनी कानडीबरोबर मराठीचेही पाठ द्यावेत, अशी आमची मागणी आहे!