पंगतीतली जागा

आज, 24 मे 2026 रोजी, जगभरच्या अनेक ख्रिस्ती मंडळ्या पेंटेकॉस्टचा सण पाळत आहेत. ईस्टरपासून मोजलेल्या पन्नासाव्या दिवशी यरुशलेममध्ये येशूच्या शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला आणि मंडळीचा जन्म झाला, अशी श्रद्धा आहे. नाताळची रोषणाई सगळ्या गावाला दिसते. हा सण मात्र नवतप्याच्या तोंडावर, बियाणे-खताच्या जुळवाजुळवीत येतो आणि ख्रिस्ती घरांबाहेर कुणाच्या गावीही नसतो. यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरसारख्या तालुक्याच्या गावी तर ही घरे मोजकीच. तरीही आजच्या दिवशी विचारायचा प्रश्न सगळ्यांच्याच कामाचा आहे : माणसे देवाच्या नावाने एकत्र येतात, तेव्हा ती खरोखर मंडळी केव्हा होतात?

प्रवचनांत आज सोसाट्याच्या वाऱ्याचे आणि अग्नीच्या जिभांचे वर्णन होईल. पण 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात त्या प्रसंगानंतर चारच अध्यायांनी एक भांडण नोंदलेले आहे, आणि आपल्या प्रश्नाचे उत्तर तिथे अधिक स्पष्ट मिळते. रोजच्या अन्नवाटपात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावलले जाते, अशी तक्रार आली. प्रेषितांनी ती दाबली नाही, की 'प्रार्थना करा' म्हणून वेळ मारून नेली नाही. वाटपासाठी सात माणसे नेमली गेली. त्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती कोठाराची किल्ली गेली. पुढे करिंथच्या मंडळीला पौलाने झापले तेही जेवणावरूनच. खाऊनपिऊन सुखी असलेले आधी उरकून घेत आणि नसलेले उपाशी राहत. याकोबाच्या पत्रातही सोन्याची अंगठी घातलेल्याला मानाची जागा आणि मळक्या कपड्यांतल्या गरिबाला पायाशी जागा देणाऱ्यांची कानउघाडणी आहे. धर्मसिद्धान्तांचे वाद नंतर रंगले. त्याआधीच मंडळीची परीक्षा दोन साध्या गोष्टींवर सुरू झाली होती : कोण कुठे बसते, आणि शेवटच्या ताटापर्यंत वाढप पोचते का.

यवतमाळ जिल्ह्याच्या ख्रिस्ती इतिहासात या परीक्षेचा धागा आहे. इथे मूळ धरलेली फ्री मेथॉडिस्ट मंडळी अमेरिकेत 1860 साली न्यूयॉर्क राज्यातल्या पेकिन या गावी स्थापन झाली. मेथॉडिस्टांतल्या या फुटीच्या कारणांत एक कारण बाकांचे होते. तिथल्या अनेक चर्चमध्ये बाके भाड्याने दिली जात. पैसेवाल्याची जागा ठरलेली, गरिबाने मागे बसावे. संस्थापक बी. टी. रॉबर्ट्स आणि त्यांच्या सोबत्यांना हे मान्य नव्हते, गुलामगिरीही मान्य नव्हती. बाके सर्वांना मोकळी, या आग्रहातून निघालेली ही मंडळी वऱ्हाडात आली. तिचे उमरीचे मिशन हॉस्पिटल जिल्ह्याला ठाऊक आहे. 1953 पासून यवतमाळात असलेली युनियन बिब्लिकल सेमिनरी 1983 मध्ये पुण्याला गेली. नामवंत संस्था गेली, पण इथली मंडळी उठून गेली नाही. इमारत आणि संस्था यांच्याशिवायही मंडळी उरते, हे या जिल्ह्याने पाहिले आहे.

मात्र चोखोबांना पायरीपाशी थांबवणाऱ्या समाजात मोकळे बाक पुरत नाही. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलिताला अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. या धर्मात जातच नाही, हा त्यामागे दिला जाणारा युक्तिवाद. प्रत्यक्षात चर्चमध्ये एका बाकावर बसणाऱ्यांच्या सोयरिकी आजही अनेकदा जात पाहूनच जुळतात. सरकारकडे न्याय जरूर मागावा. पण घरातल्या पंगतीचे काय, याचे उत्तर सरकार देणार नाही. तीच गोष्ट एकीची. 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. विदर्भाच्या भूमीवर घडलेली ती मोठी घटना होती. त्यानंतरच्या काळात राज्यात ठिकठिकाणी चर्चच्या जमिनींवरून जे दावे चालले, त्यांनी त्या एकीची शोभा वाढवली नाही.

पंगत आपल्यापुरतीच मांडायची का, हाही प्रश्न आहे. पंडिता रमाबाईंनी 1889 मध्ये मुंबईत शारदा सदन काढले ते विधवांसाठी, आणि 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली-बायका केडगावला आणल्या. नारायण वामन टिळकांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या येशूभक्तांनाही जागा होती. दोघांवर टीका झाली. पण मंडळीची हद्द कंपाउंडच्या भिंतीपाशी संपत नाही, हे दोघांनी करून दाखवले.

आज आपल्या जिल्ह्यात ही हद्द कुठवर जाते, हे सांगायला पुस्तक उघडावे लागत नाही. कापूस, कर्ज आणि आत्महत्या यांनी यवतमाळचे नाव देशभर नेले. नवरा गेल्यावर मागे राहिलेली बाई सात-बारावर नाव लावण्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालते, सरकारी मदतीसाठी 'पात्र-अपात्र' ठरवणाऱ्या फायलीची वाट पाहते, सावकाराला तोंड देते आणि त्याच हंगामात पेरणीही करते. ती हिंदू असेल, बौद्ध असेल, मुसलमान असेल, एखादी ख्रिस्तीही असेल. यरुशलेममधली डावललेली विधवा आपल्याकडे आली असती, तर तिचा पत्ता याच गावांपैकी एखादा असता. तिच्यासोबत तहसीलला जाणारे कुणी, तिच्या लेकरांच्या फीची सोय करणारे कुणी, तिचे नुसते ऐकून घेणारे कुणी असेल, तर ती मंडळी. मात्र या मदतीच्या बदल्यात बाप्तिस्म्याची अपेक्षा ठेवली, की ताटाचे आमिष होते. तिथे मंडळी संपते, आणि विरोधकांच्या हाती आयते कोलीतही मिळते.

जिल्ह्यातल्या ख्रिस्ती बांधवांना सणाच्या शुभेच्छा देताना एक विनंती. पुढच्या बैठकीत रंगरंगोटीच्या आणि ध्वनिक्षेपकाच्या खर्चाआधी मदतीचा हिशेब वाचा. ज्या घरांत कर्ता गेला आहे, त्या घरांतल्या दोन बायकांना कमिटीवर घ्या आणि मदतनिधी कुणाला द्यायचा, हे त्यांना ठरवू द्या. इतर धर्मांच्या विश्वस्तांनीही हे जरूर करून पाहावे. पहिल्या मंडळीने तक्रार करणाऱ्यांच्या हाती किल्ली दिली होती. तेवढे धाडस आजही पुरेसे आहे.