आधी डागडुजी, मग आरास

श्रावणमास सरत आला की लालबाग-परळच्या घरांतून एक ठराविक लगबग सुरू होते. पोटमाळ्यावरचा चौरंग खाली उतरतो, पितळेची उपकरणी चिंचेने घासली जातात, आणि कोणीतरी हळूच विषय काढतो : "यंदा भिंतींना रंग काढायचा का?" गणेशोत्सवातील कीर्तनसेवेच्या निमित्ताने आमचे या भागात अनेक वर्षे येणे-जाणे आहे. येथील सार्वजनिक उत्सवांची परंपरा मोठी आहे. चिंचपोकळीचा चिंतामणी १९२० चा, गणेश गल्लीचा गणपती १९२८ चा, लालबागचा राजा १९३४ चा. त्यांच्या भव्य देखाव्यांविषयी दरवर्षी पुष्कळ लिहिले जाते. आम्हांला आज लिहावयाचे आहे ते घरच्या गणपतीविषयी, आणि त्याहूनही अधिक, तो ज्या घरात येतो त्या घराविषयी.

अमरकोशात घराला जे पर्याय दिले आहेत त्यांत गेह, सदन, भवन यांच्याबरोबर 'मंदिर' हाही शब्द आहे. आज आपण तो केवळ देवालयासाठी राखून ठेवला आहे. परंतु कोशकारांच्या दृष्टीने माणसाचे राहते घर हेही मंदिरच होते. घराची डागडुजी हा विषय धार्मिक पुरवणीत कशाला, असे ज्यांस वाटेल त्यांनी एवढे लक्षात घ्यावे.

खोली एक, संसार अनेक

गिरणगावातील खोली म्हणजे दहा बाय दहाची, फार तर दहा बाय बाराची. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतील खोली १६० चौरस फुटांची. एवढ्या जागेत चूल, मोरी, देव्हारा, पाळणा, सारे काही मावत असे. जी खोली अनेक गिरणी कामगार मिळून भाड्याने घेत, तीत पाळ्यांप्रमाणे झोप चाले. रात्रपाळीचा घरी आला की दिवसपाळीचा अंथरूण सोडी. जागा वाढविणे हाती नव्हते, म्हणून लोकांनी वेळ वाटून घेतली. भिंतीला टेकवून ठेवण्याची खाट, खिळ्याला टांगलेला पाट, पलंगाखालच्या पेट्या ही त्या काळची गृहरचना होय, आणि ती कोणत्याही विद्यालयात शिकविली जात नव्हती.

पुढे १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली. भाडेकरूंना आधार मिळाला, परंतु इमारतीची निगा राखण्यात मालकास स्वारस्य उरले नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि कित्येक घरांतील नियमित पगारच थांबला. छपराला गळती, जिन्याला टेकू आणि भिंतीला ओल ही अवस्था त्यानंतर वर्षानुवर्षे तशीच राहिली. या भागातील घरदुरुस्तीच्या प्रश्नामागे एवढा इतिहास उभा आहे.

आता चित्र पालटत आहे. जुन्या उपकरप्राप्त चाळींच्या जागी उंच इमारती उभ्या राहात आहेत. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांची सदनिका ठरली. वरळी येथील ५५६ कुटुंबांना तिच्या किल्ल्या १४ ऑगस्ट २०२५ रोजी देण्यात आल्या. ज्यांच्या तीन पिढ्या एका खोलीत वाढल्या त्यांच्या हाती प्रथमच स्वतंत्र शयनगृह, स्वतंत्र स्वयंपाकघर आणि घरातले शौचकूप आले. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु याच वेळी कुटुंबे दोन चुका करताना आम्ही पाहतो. जे चाळीतच आहेत ते "आता पाडायचीच आहे" म्हणून आवश्यक दुरुस्तीही टाळतात. आणि जे नव्या घरात गेले ते हौसेपोटी कर्ज काढून भिंतीच झाकून टाकतात.

"बुवा, बसवायचे कुठे?"

एका यजमानांच्या घरचा प्रसंग सांगतो. लालबागच्या चाळीत त्यांची एक खोली होती. गणपतीत ते खाट गॅलरीत काढीत, कपाटापुढे धुतलेले पातळ ताणून बांधीत आणि चौरंग मांडीत. कीर्तनाला श्रोते गॅलरीत बसत. शेजारच्या चार बिऱ्हाडांची दारे उघडी असत, त्यामुळे आमचा आवाज चौघांच्या देव्हाऱ्यापर्यंत पोहोचे. पुढे पुनर्विकासात त्यांना सदनिका मिळाली आणि त्यांनी आम्हांला अगत्याने बोलाविले. घर देखणे झाले होते. छताला प्लास्टरचे नक्षीकाम, त्यात दडविलेले दिवे, एका भिंतीवर दूरचित्रवाणी संचाचे जमिनीपासून छतापर्यंतचे लाकडी कपाट, दुसरीला चिकटून न हलणारा सोफा.

चहा देताना वहिनी हळूच म्हणाल्या, "बुवा, घर मोठे झाले खरे, पण गणपती बसवायचे कुठे तेच कळेना." आम्ही सभोवार पाहिले. खरोखरच एकही भिंत मोकळी नव्हती. अखेर चौरंग खिडकीखाली मांडावा लागला, आणि पाऊस आत आला तेव्हा आरतीच्या मध्येच खिडकी लावून घ्यावी लागली. सुतारकामाचे हप्ते अजून फिटायचे होते.

त्या दिवसापासून नवे घर घेणाऱ्या प्रत्येकास आमचे पहिले सांगणे हेच असते : एक भिंत मोकळी सोडा. वर्षभर तिच्यापुढे मुले अभ्यासाला बसतील, पाहुण्यांचे अंथरूण पडेल, भाद्रपदात मखर उभे राहील, नवरात्रात घट बसतील. सामान हलते असावे. घडीची खाट, चाकांवरचे कपाट, खाली खण असलेली सेटी ही लहान घराची खरी श्रीमंती होय. नऊ-साडेनऊ फुटांच्या घरात खोटे छत घातले तर उंची आणखी कमी होते, वरून गळती झाली तर ती दिसत नाही, आणि दिसते तेव्हा प्लास्टरच खाली येते.

पावसात रंग काढू नये

दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा. पहिली गोष्ट ओल. चतुर्थीपूर्वी आठ दिवस भिंतीला तैलरंग चढविण्याची पद्धत सर्वत्र दिसते. परंतु श्रावण-भाद्रपदात भिंतीने पाणी प्यालेले असते. तिच्यावर तैलरंगाचा पडदा बसला की आतली ओल बाहेर पडत नाही. फोड येतात आणि दिवाळीपर्यंत पापुद्रे सुटतात. खर्च दोनदा होतो. म्हणून पावसात भिंत खरवडून, बुरशी ब्लीचच्या पाण्याने पुसून (खिडक्या उघड्या ठेवून, आणि ब्लीचमध्ये दुसरे कोणतेही द्रावण न मिसळता) फक्त चुन्याचा हात द्यावा. चुन्यातून भिंतीला श्वास घेता येतो. ओल कोठून येते ते शोधावे : वरच्या मोरीतून, फुटक्या नळातून, की गच्चीच्या भेगेतून. ते मूळ बंद झाल्याखेरीज रंग म्हणजे जखमेवर नुसती पट्टी. गिलावा आणि कायमचा रंग दिवाळीनंतर काढावा. नवा गिलावा निदान सात दिवस पाण्याने भिजवावा लागतो आणि त्यानंतर काही आठवडे वाळू द्यावा लागतो, हे घाईच्या गवंड्यास सांगण्यास भिऊ नये.

जुन्या चाळीत पोटमाळा हा मोठा आधार; पण तो लाकडी तुळयांवर उभा असतो. त्यावर पाण्याचे पिंप किंवा लाद्यांचे ढिगारे ठेवू नयेत. हलक्या गाद्या, सणाची भांडी, मखराचे सुटे भाग एवढेच तेथे शोभते. तुळईला वाळवी दिसली किंवा ती वाकली, तर "इमारत जाणारच आहे" असे म्हणून स्वस्थ बसू नये. इमारत पाडण्याची तारीख पुढे जात राहते. तुळई मात्र आपल्यासाठी थांबत नाही.

वीज आणि गॅस

आता ज्यात जिवाचा प्रश्न आहे त्या गोष्टी. ६ डिसेंबर २०२० रोजी सकाळी गणेश गल्लीतील साराभाई इमारतीत गॅस गळून स्फोट झाला. अनेक जण भाजले, काहींनी पुढे प्राण गमावले. ही आठवण येथील प्रत्येक घराने जागी ठेवावी, ती भीतीसाठी नव्हे, सवयीसाठी.

सिलिंडरमधील गॅस हवेहून जड असतो. गळला तर तो वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून नुसती वरची झरोकेवजा खिडकी पुरत नाही; ओट्याखाली, जमिनीजवळ हवेची वाट हवी, आणि सिलिंडर बंद कपाटात कोंडू नये. रबरी नळी पाच वर्षांनी बदलावी, तडा दिसल्यास त्याआधीच. रात्री निजताना रेग्युलेटर बंद करावा. वास आला तर दिवा लावू नये आणि लागलेला विझवूही नये; बटण दाबताना उडणारी ठिणगी पुरते. दारे उघडावी, रेग्युलेटर बंद करावा, घराबाहेर यावे आणि १९०६ या क्रमांकावर कळवावे. देवापुढील समई अथवा निरांजन तेवत असेल आणि वास पहाटे आला असेल, तर तेथे थांबून विचार करू नये. माणसे बाहेर काढावी.

विजेचेही तसेच. जुन्या खोलीतील तारा दोन दिवे आणि एका पंख्यासाठी टाकलेल्या. आज त्यांवर शीतकपाट, धुलाईयंत्र आणि वर गणपतीच्या रोषणाईच्या माळा. एका खटक्यावरून चार जोड काढले की तार तापते. एमसीबी अतिरिक्त भाराला वीज तोडते. परंतु माणसास बसणारा धक्का ओळखणारे यंत्र वेगळे असते, त्यास आरसीसीबी म्हणतात, आणि घरात ते ३० मिलिअँपिअरचे असावे. अर्थिंग आहे की नाही हे परवानाधारक तंत्रज्ञाकडून पाहून घ्यावे. या कामाचा खर्च मखराच्या आधी धरावा.

मखर कागदाचे, कापडाचे किंवा लाकडी पट्ट्यांचे असावे, की जे सोडवून पुढच्या वर्षी पुन्हा उभे करता येईल. थर्माकोलच्या सजावटीस महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहेच. शिवाय तो क्षणात पेटतो. कागद आणि कापडही पेटतात, म्हणून समई पितळी परातीत ठेवावी, पडद्यापासून हातभर दूर ठेवावी, आणि दिव्यांच्या माळा कापडाच्या घडीतून नेऊ नयेत. अखंड दीप ठेवणाऱ्यांनी रात्री कोणी तरी जागे राहील अशी पाळी लावावी. गिरणगावास पाळ्या नव्या नाहीत.

वास्तूच्या नावाने

शेवटी एक सावधगिरीची सूचना. नव्या घरात गेलेल्यांस हल्ली वास्तूच्या नावाने पुष्कळ भिवविले जाते. अमुक कोपऱ्यातली भिंत पाडा, तमुक ठिकाणचा ओटा हलवा. या विद्येचा आम्हांला अनादर नाही. मत्स्यपुराणात तिच्या अठरा आचार्यांची नावे आहेत आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेत ६४ व ८१ पदांचे वास्तुमंडल सांगितले आहे. परंतु ते ग्रंथ मोकळ्या भूमीवर पायापासून घर बांधणाऱ्यास उद्देशून आहेत. वीस मजली इमारतीतील सदनिकेचा खांब हा आपल्या एकट्याचा नसतो. तो खालच्या-वरच्या साऱ्या बिऱ्हाडांचा भार वाहतो. खांब, तुळई किंवा भार घेणारी भिंत तोडणे म्हणजे शेजाऱ्याच्या डोक्यावर दगड टांगणे होय, आणि कोणतेही शास्त्र तसे सांगत नाही. अभियंत्याच्या संमतीवाचून हातोडा लावू नये.

देव्हाऱ्यास पूर्व किंवा उत्तर बाजू साधली तर उत्तम. न साधल्यास स्वच्छ, कोरडा, उजेडाचा कोपरा पुरे. तो विजेच्या फळीखाली नसावा, बसून पूजा करताना मूर्ती डोळ्यांसमोर यावी एवढ्या उंचीवर असावा, आणि तेल सांडले तर पुसता येईल अशी लादी खाली असावी. वडिलधाऱ्यांस खाली बसणे जड जात असेल, तर त्यांच्यासाठी बाजूला एक ठेंगणे आसन ठेवावे. हीसुद्धा गृहरचनाच.

ज्या वहिनींचा प्रसंग वर सांगितला, त्यांनी पुढील वर्षी दूरचित्रवाणीचे ते कपाट निम्मे कापून घेतले. आम्ही गेलो तेव्हा त्या मोकळ्या भिंतीपुढे शाडूची लहानशी मूर्ती होती, मागे धुतलेले पातळ ताणले होते, आणि सदनिकेचे दार सताड उघडे होते. मजल्यावरील दोन घरची माणसे मार्गिकेत सतरंजी टाकून बसली होती. चाळीतील गॅलरी त्यांनी तेवढ्यापुरती पुन्हा मांडली होती. यंदा आपल्याही घरी चौरंग मांडण्यापूर्वी नळी, तार, तुळई आणि ओल या चार गोष्टी पाहून घ्याव्या, एवढीच वाचकांस विनंती. गणपतीबाप्पा मोरया!