डिकन्स आणि मालिकेचा धर्म

अभिजात कादंबरीचे दूरचित्रवाणीवर रूपांतर झाले की मूळचे काय गाळले आणि काय बदलले याची झडती घेण्याचा प्रघात आहे; परंतु ती कृती ज्या रूपाने वाचकांपुढे प्रथम आली त्या रूपाचा मान राखला गेला की नाही, हा अधिक मूलगामी प्रश्न क्वचितच उपस्थित होतो. चार्ल्स डिकन्सच्या 'ब्लीक हाउस'वर बीबीसीने २००५ साली प्रसारित केलेली मालिका मला श्रेष्ठ वाटते ती याच कसोटीवर.

मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात मासिक हप्त्यांनी प्रसिद्ध झालेल्या या कादंबरीच्या मध्यभागी लंडनच्या चॅन्सरी न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या तुंबलेला जार्नडिस घराण्याच्या वारशाचा दावा आहे. तारखांमागून तारखा पडतात, दस्तऐवजांचे ढीग वाढतात, आणि अखेर सारी मिळकत दाव्याच्या खर्चातच गडप होते. विलंब हाच जिचा विषय, ती कथा दोन तासांच्या चित्रपटात कोंबणे म्हणजे तिचा प्राणच हरण करणे होय. पटकथाकार अँड्र्यू डेव्हिस यांनी पहिला भाग तासाभराचा आणि पुढले चौदा भाग अर्ध्या-अर्ध्या तासाचे योजले. त्यामुळे त्या दाव्यावर आयुष्याची भिस्त ठेवणारा तरुण रिचर्ड भागागणिक कसा खंगत जातो, हे प्रेक्षक स्वतः प्रतीक्षा करीत पाहतो.

हप्त्यांच्या या बांधणीत लहानशा खुणेलाही वजन येते. वकील टल्किंगहॉर्न दाव्याचे कागद घेऊन डेडलॉकांच्या वाड्यात येतो. कंटाळलेल्या लेडी डेडलॉकची दृष्टी एका प्रतिज्ञापत्राच्या अक्षरावर पडते आणि ही नक्कल कोणी केली, एवढेच ती विचारते. लेडी डेडलॉक साकारणाऱ्या जिलियन अँडरसनच्या मुद्रेवरील ते क्षणिक विचलन आणि टल्किंगहॉर्न झालेल्या चार्ल्स डान्सच्या नजरेने त्याची घेतलेली नोंद, एवढ्यावर पुढचा सारा शोध उभा राहतो.

रूपांतरात हानी होत नाही असे मात्र नाही. रस्ते झाडून पोट भरणारा 'जो' नावाचा अनाथ मुलगा मरतो तेव्हा कादंबरीत लेखक राज्यकर्त्यांना थेट जाब विचारतो. पडद्यावर त्या मुलाचे मरण दिसते, पण लेखकाच्या संतापाची ती वाणी कानी पडत नाही. ती ऐकण्यासाठी ग्रंथाकडेच गेले पाहिजे, आणि मालिका पाहणाऱ्याने तो ग्रंथ अवश्य वाचावा.

तथापि ज्यांच्या हाती प्रसारणाची साधने आहेत त्यांनी एवढा बोध घ्यावा, की मोठ्या कादंबरीला तिच्या विस्ताराजोगा अवकाश आणि आधीच ठरलेला शेवट ही दोन्ही देण्याची तयारी असेल, तरच तिला हात घालावा. कारण प्रेक्षकाला धीर नसतो, ही सबब या पंधरा भागांनी कायमची खोटी ठरवली आहे.